हद्दीच्या आतले पाच दिवस

ई-पासच्या अर्जात वाहन क्रमांकाचा रकाना होता आणि सायकलला क्रमांक नसतो. पुतणीने तिथे आधी शून्य भरून पाहिले, मग माझ्या स्कूटरचा क्रमांक टाकण्याची युक्ती सुचवली, आणि शेवटी प्रवासाचे कारण विचारणाऱ्या रकान्यापाशी आम्ही दोघेही थांबलो. घरात मृत्यू झालेली, रुग्णालय गाठायची घाई असलेली, परगावी अडकून पडलेली माणसे जो अर्ज भरत होती, त्याच अर्जात ‘कळसूबाई चढायची आहे’ असे लिहिण्याइतके निगरगट्ट आम्ही नव्हतो. १६४६ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. पण नेहमीची वाट ज्या बारी गावातून जाते ते अकोले तालुक्यात, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यात पडते. करोनाच्या साथीमुळे ऑगस्ट २०२० मध्ये खासगी वाहनाने जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता, आणि म्हणून कळसूबाई आम्हा नाशिककरांपुरती परदेशात गेली होती.

पुतणी तेव्हा पुण्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. मार्चमध्ये वसतिगृह रिकामे करून ती घरी आली ती परत गेलीच नाही. तिच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, ती दिवसभर पडद्यासमोर बसते याची काळजी होती. तिला स्वतःला काळजी कशाचीच नव्हती, फक्त चीड होती. ‘काका, जिल्ह्याच्या आत तरी फिरू या ना,’ असे तिने म्हटल्यावर गुरुवारी, २७ ऑगस्टला, गौरींचे विसर्जन झाले की दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत पाच दिवस सायकलने फिरायचे ठरले. रोज पहाटे घरून निघायचे आणि संध्याकाळी सातच्या आत घरी परतायचे, बाहेर मुक्काम करायचा नाही, भाकरी आणि पाणी घरचेच न्यायचे, आणि जिथे कोणी अडवेल तिथून वाद न घालता मागे फिरायचे, अशा अटी आम्ही घालून घेतल्या. टपरीवर चहा प्यायचा नाही ही अट वहिनींची होती, आणि पाचही दिवस तीच सर्वांत जड गेली.

राज्याने ३ जूनपासून ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या सवलतींमध्ये मोकळ्या जागी चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांचा समावेश होता. वेळ पहाटे पाच ते संध्याकाळी सात अशी होती, घोळक्याने काही करायचे नव्हते आणि शक्यतो घराजवळच राहायचे होते. सायकलला मात्र त्या आदेशात विशेष उत्तेजन दिले होते, कारण सायकलस्वारांमध्ये अंतर आपोआप राखले जाते. योगायोग असा की त्याच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि पुढे नाशिककडेच सरकले. सत्तर दिवसांनी बाहेर पडायची मुभा मिळालेले आम्ही सारे खिडक्या घट्ट लावून घरात बसलो.

शुक्रवार, २८ ऑगस्ट : गंगापूर धरण

पहिला दिवस पाय मोकळे करण्याचा होता. गंगापूर रस्त्याने निघालो तेव्हा उजाडत होते आणि फिरायला आलेल्या मंडळींची गर्दी मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटली. हीच माणसे एप्रिलमध्ये गच्चीवर येरझारा घालत होती. तेव्हा सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या ज्येष्ठांना पोलिसांनी रस्त्यावरच उठाबशा काढायला लावल्याच्या चित्रफिती गावोगावच्या मोबाईलवर फिरत होत्या आणि आम्हीही त्या पाहून हसलो होतो. आज त्या आठवणीने थोडी लाज वाटली, कारण मोकळ्या हवेत एकट्याने चालणारा माणूस हा त्या साथीतला सर्वांत निरुपद्रवी माणूस होता, हे समजायला आम्हा सर्वांनाच काही महिने लागले.

सोमेश्वरच्या धबधब्याकडे वळणाऱ्या फाट्यावर लोखंडी अडथळे लावलेले होते. गोदावरी भरून वाहत होती आणि धबधब्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बंदोबस्तावरच्या हवालदारांनी आमच्या सायकली पाहून तोंड भरून कौतुक केले, पण आत सोडले नाही. पुतणीने विचारले, ‘साहेब, उघड्यावर तर धोका कमी असतो ना?’ त्यांनी शांतपणे सांगितले, ‘ताई, उघड्यावर कमी असतो. पण पाण्याजवळ गेलं की माणूस पहिला मास्क काढतो, मग फोटोसाठी सहा जण एका दगडावर उभे राहतात. त्यातून एखादा पाण्यात गेला, तर त्याला काढायला वीस जण लागतात.’ पाच महिन्यांत मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा हे स्पष्टीकरण मला अधिक पटले. हिंडण्यावरची बंदी विषाणूसाठी जितकी होती तितकीच अपघातासाठीही होती, कारण दरीतून वर काढलेल्या माणसाला ज्या रुग्णालयात न्यायचे, तिथल्या खाटा आधीच भरलेल्या होत्या.

धरणाच्या बाजूला बोटी बंद होत्या. मातीच्या त्या लांबच लांब भिंतीकडे दुरून पाहत आम्ही दशम्या खाल्ल्या आणि अकराच्या आत घरी आलो.

शनिवार, २९ ऑगस्ट : अंजनेरी आणि त्र्यंबक

त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी फाटा साधारण वीस किलोमीटर आहे. सकाळपासून भुरभुर चालू होती, भाताची लावणी उरकलेली खाचरे दोन्ही बाजूंना हिरवीगार झाली होती, आणि ढगांच्या पोटात अंजनेरीचा माथा मधूनच दिसे, मधूनच जाई. फाट्यावरून गाव ओलांडून वर जाणाऱ्या रस्त्यावर वन विभागाचे फाटक बंद होते. त्याच्या अलीकडे आम्ही सायकली टेकवल्या.

अंजनेरी म्हणजे हनुमंताचे जन्मस्थान ही श्रद्धा सर्वांना माहीत असते. वनस्पतींचा नाद असलेल्यांना ती आणखी एका कारणाने माहीत असते. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्पाचे या डोंगराच्या नावाचेच फूल आहे आणि त्याचा बहर ऐन पावसाळ्यात येतो. एरवीच्या वर्षी शनिवार-रविवारी या वाटेवर माणसांची रीघ लागते आणि सड्यावरची इवली फुले बुटांखाली जातात. यंदा ती कोणी पाहिलीही नसतील आणि तुडवलीही नसतील. पुतणी म्हणाली, ‘म्हणजे डोंगराला सुट्टी मिळाली.’ हे वाक्य त्या वर्षी जो तो म्हणत होता आणि मला त्यातला गोडवा फारसा पटत नाही. फाटक बंद असले की गुराखी थांबत नाही, सरपण नेणारी बाई थांबत नाही, आणि पायथ्याला भजी तळून चार महिने घर चालवणाऱ्याच्या कढईला मात्र सुट्टी मिळते. फाट्यावरच्या टपऱ्यांपैकी बहुतेक ताडपत्रीत गुंडाळलेल्या होत्या. एक उघडी होती, आणि तिथल्या मावशींनी ‘चहा घ्या’ म्हणून हाक मारली तेव्हा थर्मास दाखवताना मला ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी तसे वाटू दिले नाही, पण ‘तुमच्यासारखे सगळेच आता थर्मास आणतात’ असे म्हणून त्या आत वळल्या.

त्र्यंबकेश्वरात पोहोचलो तेव्हा गावात जी शांतता होती ती त्या गावाला शोभत नव्हती. मंदिर मार्चपासून दर्शनासाठी बंद होते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते, सुमारे वीस किलोमीटरच्या त्या वाटेवर रात्रभर अनवाणी पावले पडत असतात. यंदा तो सोमवार १० ऑगस्टला आला आणि प्रशासनाने फेरीला बंदी घातल्याने वाट ओस पडली. त्याच्याही आधी, ज्येष्ठात, संत निवृत्तीनाथांच्या पालखीचे पायी प्रस्थान रद्द झाले होते. दरवर्षी त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या पालखीच्या पादुका आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने नेण्यात आल्या. ज्यांनी वारी हेच आयुष्य मानले त्यांनी हे कसे सोसले असेल याचा विचार करत मी बंद महाद्वारासमोर उभा होतो. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ आले, पायातल्या वहाणा काढल्या, रस्त्यावरूनच कळसाला हात जोडले, प्रदक्षिणा म्हणून स्वतःभोवती एकदा फिरले आणि निघून गेले.

डोंगर हिंडायला मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्याने त्यानंतर परतीच्या वाटेवर फार बोलणे उचित नव्हते. पाऊसही वाढला होता.

रविवार, ३० ऑगस्ट : रामशेज

रविवारी बाहेर पडू नये असे माझे मत होते, कारण सुट्टीच्या दिवशी नाकाबंदी कडक असते आणि ती तशी असणे योग्यही आहे. पण रामशेज पेठ रस्त्याने शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत आहे, पहाटे पाचला निघून नऊला परत येऊ, असे पुतणीने गणित मांडले. शहराची शेवटची वस्ती मागे पडताच द्राक्षबागा सुरू झाल्या. छाटणीची वेळ अजून आली नव्हती. एप्रिलमध्ये बाजार बंद पडून द्राक्षांचे काय हाल झाले ते या बागांच्या मालकांना विचारावे लागले नसते, पण तो विषय वेगळा.

रामशेजचा किल्ला फार उंच नाही, लांबून तर एखादी प्रचंड म्हैस बसली आहे असे वाटते. पण १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांच्या फौजांनी याला वेढा घातला आणि आतल्या मूठभर शिबंदीने तो झुंजवत ठेवला. तोफा नव्हत्या म्हणून लाकडी तोफा करून त्यांतून गोळे डागले अशी हकिकत सांगतात. दार लावून वर्षानुवर्षे बसणे म्हणजे काय हे ज्या जागेला ठाऊक आहे, तिच्या पायथ्याशी आम्ही पाच महिन्यांच्या टाळेबंदीची गाऱ्हाणी घेऊन आलो होतो.

पायथ्याच्या गावाच्या तोंडाशी फलक होता : ‘बाहेरगावच्या लोकांना गावात व गडावर येण्यास मनाई आहे.’ फलकाखाली बाभळीच्या काट्यांचा ढीग बाजूला सारून ठेवलेला होता. एप्रिलमध्ये तो रस्त्यावर आडवा असणार. हा फलक सरकारी नव्हता. शासनाच्या त्या वेळच्या आदेशांप्रमाणे जिल्ह्यात सायकल चालवायला आम्हाला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि पुतणी तेच मला हळू आवाजात सांगत होती, तोच ओट्यावर बसलेल्या एका बाबांनी हात वर करून आम्हाला थांबवले. आम्ही पुरेसे लांब उभे राहिलो. त्यांनी उपरण्याचे टोक नाकावर ओढून घेतले.

‘नाशिकचे का?’

‘हो बाबा.’

‘मग आता परत फिरा. वर नाही जाता येणार.’

पुतणीने नम्रपणेच सांगितले की आम्ही कुठेही शिवणार नाही, गावात थांबणार नाही, गडावर तर चिटपाखरूही नसेल, मग तिथे कोणापासून कोणाला काय होणार. बाबांनी सगळे ऐकून घेतले.

‘गडावर करोना नाही, हे आम्हालाबी ठाऊक आहे पोरी. पण तू गडावर उडून थोडीच जाणार? आमच्या दारावरनंच जाणार. आज तू एकटी, तुझं बघून उद्या पन्नास येतील. त्यातला एक पडला की त्याला झोळीत घालून खाली आणायला आमचीच पोरं लागतात. शिवायचं नाही म्हणून झोळी उचलता येते का?’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मी विषय बदलून विचारले की पूर्वी असे कधी गाव बंद केल्याचे त्यांनी ऐकले आहे का. ते म्हणाले की त्यांच्या आजीच्या लहानपणी प्लेगात गावाने उलटेच केले होते : घरांना कुलपे लावून माणसे मळ्यांत झोपड्या बांधून राहायला गेली होती आणि उंदीर मरायचे थांबल्यावरच परतली. परतताना मी त्याच गोष्टीचा विचार करत होतो. आपल्याकडे मार्चमध्ये जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, त्याच प्लेगसाठी केलेला आहे. त्या साथीत घर धोक्याचे मानले गेले आणि माणसे उघड्यावर गेली. या साथीत त्याच कायद्याच्या आधारे माणसांना घरात बसवले गेले. कायदा कोणत्या दिशेला पळायचे ते सांगत नाही, ते रोग पाहून ठरवावे लागते, आणि २०२० च्या त्या पहिल्या महिन्यांत रोग पुरता ओळखीचा झालेला नव्हता.

निघताना बाबांनी एक मोबाईल क्रमांक सांगितला, नातवाचा. ‘एवढं चालू झालं की फोन करून या. न सांगता येऊ नका.’ पुतणीने तो टिपून घेतला. परतीच्या चढावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘काका, पोलिसांपेक्षा हे बाबा कडक आहेत.’

सोमवार, ३१ ऑगस्ट : इगतपुरी, घाटाच्या तोंडापर्यंत

हा सर्वांत लांबचा पल्ला होता, जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गाने विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे अशी गावे मागे टाकत आम्ही घोटीला पोहोचलो तेव्हा दक्षिणेकडे ढग जरा विरळ झाले आणि कळसूबाईची रांग दिसली. शिखर ढगातच होते. पुतणीने तिकडे बोट दाखवून मोजून सांगितले की डोंगराची अलीकडची अर्धी बाजू आपल्या जिल्ह्यात आहे, म्हणजे अर्ध्या डोंगराला पास लागत नाही.

या रस्त्यावरून जाताना मे महिन्याची आठवण टाळता येत नाही. मुंबई, ठाणे, भिवंडीहून निघालेले मजूर कसारा घाट चढून याच रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत झिजलेल्या चपला, आणि तेव्हा ऊन मी म्हणत होते. महामार्गावर ठिकठिकाणी नाशिककरांनी पाणी, केळी, खिचडी आणि जुन्या चपलांचे ढीग ठेवले होते. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक रेल्वे सुटली, पण तरीही पायी जाणाऱ्यांची रांग पुढे कित्येक दिवस तुटली नाही. जिल्ह्याच्या हद्दी सर्वांना सारख्याच बंद होत्या असे कागदावर म्हणता येईल. आम्हाला त्या आडव्या आल्या तेव्हा एक सहल हुकली. त्यांना आडव्या आल्या तेव्हा ते रात्रीचे आडरानातून चालले.

इगतपुरीच्या पुढे घाटनदेवीच्या देवळापाशी आम्ही थांबलो. देऊळ अर्थातच बंद होते. इथून रस्ता घाटात उतरतो आणि खाली ठाणे जिल्हा. दरीतून धुके वर येत होते. थोड्या अंतरावर पोलीस गाड्या थांबवून पास पाहत होते, आणि एका मोटारीतल्या कुटुंबाला माघारी वळताना आम्ही पाहिले. त्याच वेळी एक एसटी न थांबता घाटात उतरून गेली. २० ऑगस्टपासून आंतरजिल्हा एसटी सुरू झाली होती आणि तिच्या प्रवाशांना पास लागत नव्हता. एका बंद गाडीत बावीस अनोळखी माणसे शेजारच्या जिल्ह्यात बिनपासाची जाऊ शकत होती आणि उघड्या रस्त्यावर एकटा सायकलस्वार जाऊ शकत नव्हता, हे पुतणीला फारच झोंबले. मला त्यात तर्क दिसत होता : गाडी बंद राहिली तर ज्याच्याकडे मोटार नाही त्याचा दवाखानाही बंद राहतो आणि रोजगारही. पण मग आमच्या सायकलींचे काय, या तिच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटलेले नव्हते. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोटार होती, बस होती. सायकल त्याला दिसलीच नव्हती.

भावली धरणाकडे जाणारा रस्ता पर्यटकांसाठी बंद होता. आम्ही तिकडे गेलोच नाही. चटणी-भाकरी खाल्ली, थर्मासमधला उरलेला कोमट चहा वाटून घेतला आणि वळलो. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे माझे मागचे चाक पंक्चर झाले. दुकाने उघडी होती, तरी पुतणीने हट्टाने स्वतःच ट्यूब बदलली, कारण तिने ते लॉकडाऊनमध्ये चित्रफिती पाहून शिकून घेतले होते आणि आजवर वापरायची संधी मिळालेली नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. दारातच वहिनींनी बातमी दिली : राज्य सरकारने नवा आदेश काढला होता आणि २ सप्टेंबरपासून जिल्हा ओलांडायला ई-पास लागणार नव्हता. पुतणी चिखलाने भरलेल्या बुटांसह जिन्यातच बसली आणि हसायला लागली.

मंगळवार, १ सप्टेंबर : पांडवलेणी

अनंत चतुर्दशी. पाय दुखत होते म्हणून फक्त पांडवलेणीपर्यंत गेलो. त्रिरश्मी डोंगरावर रोज सकाळी चढणारे शेकडो नाशिककर आहेत. मार्चपासून त्यांचा नेम मोडलेला. पुरातत्त्व खात्याची स्मारके ६ जुलैपासून उघडण्याची मुभा केंद्राने दिली होती, पण महाराष्ट्रात ती बंदच होती. खालच्या फाटकाशी उभे राहून मी पुतणीला वरच्या दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखाबद्दल सांगितले. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माची यादी तिथे कोरून ठेवली आहे. तीत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळा आहेत, आणि तापी, पारदा, दमण, दाहनुका अशा नद्यांवर प्रवाशांसाठी ठेवलेल्या फुकट नावाही आहेत. वाटसरूला अडवायचे नाही, उलट त्याला पलीकडे पोहोचवायचे हे पुण्य मानून दगडात कोरणारा माणूस त्या कुलूपबंद डोंगरावर बसला होता.

दुपारी गणपतीचे विसर्जन घरीच बादलीत केले. नदीवर जायचे नव्हतेच. आरतीला आम्ही चौघेच होतो आणि शेजारच्या गच्च्यांवरून आणखी चार आरत्या ऐकू येत होत्या, प्रत्येकीची लय वेगळी.

संध्याकाळी पुतणीने रामशेजच्या त्या क्रमांकावर फोन लावला आणि नातवाने तो बाबांना दिला. पास गेला, आता यायला हरकत नाही ना, असे तिने विचारले. सरकारचा पास गेला असेल, आमचा फलक अजून आहे, असे उत्तर आले. मग बाबांनी पंचांगच मांडले : उद्यापासून पितृपक्ष, त्यानंतर यंदा अधिक अश्विन, तेव्हा घट बसायला ऑक्टोबरची सतरा तारीख उजाडेल. तोपर्यंत गावात कोणी आजारी नसले तर पंचांना विचारून फलक काढू.

‘घट बसले की या,’ ते म्हणाले. ‘आणि येताना तो थर्मास आणू नका.’